बंबावर चालणारी राणी

न्हाणीघरातला तांब्याचा बंब आता बहुतेकींनी मोडीत घातला असेल. मधल्या नळीत विस्तव आणि भोवती पाणी, एवढीच त्याची करामत! तोच बंब आडवा करा, एका नळीऐवजी पुष्कळ बारीक नळ्या घाला, वाफ कोंडून धरा, की झालं आगगाडीच्या इंजिनाचं बॉयलर. कोंडलेली वाफ दट्ट्या ढकलते आणि दट्ट्या चाक फिरवतो.

असाच एक बंब १८५५ साली इंग्लंडातल्या लीड्स गावी तयार झाला आणि बोटीनं कलकत्त्याला उतरला. ईस्ट इंडियन रेल्वेनं त्याला नुसता नंबर दिला, २२. बारसं झालं ते तब्बल चाळीस वर्षांनी, १८९५ मध्ये. नाव ठेवलं 'फेअरी क्वीन', पऱ्यांची राणी!

राणीचा थाट म्हणाल तर बेताचाच. वजन सुमारे २६ टन, मधे सहा फुटी चाकांची एकच जोडी, पाण्याची टाकी बॉयलरच्या पोटाखाली, वेग ताशी ४० किलोमीटर. हावडा ते राणीगंज हलक्या टपालगाड्या तिनं ओढल्या, १८५७ च्या धामधुमीत फौजा वाहिल्या आणि पुढे बिहारात नव्या लोहमार्गाच्या बांधकामावर राबली. १९०९ साली ती कामातून सुटली.

१८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी नेणारी साहिब, सिंध आणि सुलतान ही आपली तीन इंजिनं. त्यांतलं एकही आज उरलेलं नाही. राणी मात्र वाचली, कारण तिला हावड्याला चौथऱ्यावर मांडलं होतं. १९४३ मध्ये ती चंदौसीच्या रेल्वे प्रशिक्षण शाळेत गेली आणि पुढे दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आली.

पण पैठणी ट्रंकेत ठेवली, तर घडीवरच विरते ना? अधूनमधून उलगडावी लागते. आणि नेसली, तर काठ झिजतो! इंजिनाचंही तसंच. उभं ठेवलं की गंजतं, चालवलं की झिजतं. रेल्वेनं ते चालवायचं ठरवलं. मला विचाराल, तर योग्यच केलं.

हे काम सोपं नव्हे. थंड बॉयलर घाईनं पेटवून चालत नाही. धातू कुठे जास्त, कुठे कमी फुगतो आणि सांधे गळू लागतात, म्हणून कितीतरी तास मंद विस्तवावर तापवावं लागतं. पाण्याचा खार आत धरतो, तो वेळोवेळी धुऊन काढावा लागतो. आणि पाणी आटलं तर? कुकरमधलं पाणी संपलं की सेफ्टी व्हॉल्व्ह वितळून उडतो, हे आपण जाणतोच. इंजिनातही भट्टीच्या माथ्यावर तशीच शिशाची गुडदी असते. पाणी खाली गेलं की शिसं वितळतं आणि वाफ विस्तवावर येते.

१८ जुलै १९९७ ला, म्हणजे ८८ वर्षांनी, राणी प्रवासी घेऊन दिल्ली छावणीहून अलवरला निघाली. अंतर १४३ किलोमीटर! १९९८ साली गिनेस बुकानं जगातलं सर्वांत जुनं चालतं वाफेचं इंजिन म्हणून तिची नोंद केली.

मग २०११ मध्ये चोरांनी तिचे बरेच सुटे भाग लांबवले. जगात मान मिळालेल्या वस्तूला घरात साधा पहारा नसावा? चोराच्या लेखी सगळी मोडच. पुन्हा मद्रासकडे पेरांबूरच्या कारखान्यात तिची दुरुस्ती झाली आणि २०१७ च्या फेब्रुवारीत ती दिल्ली छावणी ते रेवाडी धावली.

दिल्लीला जाणं झालंच, तर मुलांना घेऊन रेवाडी जरूर गाठा. १८९३ सालची वाफेच्या इंजिनांची शेड तिथे आहे. मात्र त्या दिवशी एखादं इंजिन पेटवणार आहेत का, याची आधी चौकशी करून मगच निघा. आणि पांढरी साडी नेसू नका, कोळशाची कणी उडते!