लीड्स टाउन हॉल
लीड्स टाउन हॉल : इंग्लंडमधील यॉर्कशर भागातील लीड्स या औद्योगिक शहराचे व्हिक्टोरियाकालीन नगरभवन. लोकरी कापड व यंत्रनिर्मिती या उद्योगांमुळे लीड्सची लोकसंख्या १८५१ मध्ये सु. १,७२,००० झाली होती. परंतु नगरपरिषदेचा कारभार, न्यायदान व मोठ्या सार्वजनिक सभा यांसाठी तेथे पुरेशी जागा नव्हती. या तिन्ही गरजा एकाच वास्तूत भागविण्यासाठी १८५२ मध्ये आराखड्यांची स्पर्धा जाहीर करण्यात आली. तीत हल येथील कथबर्ट ब्रॉड्रिक या वास्तुशिल्पज्ञाचा आराखडा पसंत पडला. १७ ऑगस्ट १८५३ रोजी कोनशिला बसविण्यात आली व ७ सप्टेंबर १८५८ रोजी व्हिक्टोरिया राणीच्या हस्ते भवनाचे उद्‌घाटन झाले.

उंच चौथऱ्यावरील ही अभिजात शैलीची वास्तू कॉरिंथियन स्तंभांनी वेढलेली आहे. मध्यभागी व्हिक्टोरिया सभागृह असून भोवती न्यायालये व कार्यालये आणि खाली कैद्यांच्या कोठड्या, अशी मूळ रचना होती. प्रवेशापाशी असलेले चार दगडी सिंह १८६७ मध्ये बसविण्यात आले.

घड्याळाचा सु. ६९ मी. उंचीचा मनोरा मात्र वादग्रस्त ठरला. करदात्यांचा पैसा केवळ शोभेवर का खर्चावा, असा एका पक्षाचा आक्षेप होता. तर भव्य वास्तूमुळे नागरिकांची अभिरुची व शहराचा लौकिक वाढतो, असे डॉ. जॉन डीकिन हीटन प्रभृतींचे प्रतिपादन होते. अखेर मनोरा उभारला गेला. परंतु भवनाचा एकूण खर्च सु. १,२२,००० पौंडांवर, म्हणजे मूळ अंदाजाच्या जवळजवळ तिपटीवर गेला व बांधकामाच्या ठेकेदाराचे दिवाळे निघाले.

उद्‌घाटनप्रसंगी भरलेल्या संगीत महोत्सवाचे उत्पन्न शहरातील रुग्णालयास देण्यात आले. पुढे या महोत्सवात एल्गारची कॅरॅक्टकस (१८९८) व वॉल्टनची बेलशाझर्स फीस्ट (१९३१) या रचना प्रथम सादर झाल्या. अशा रीतीने, ज्या छपराखाली आरोपींना शिक्षा सुनावल्या जात, त्याच छपराखाली नागरिक वाद्यवृंद ऐकण्यास जमत. १९३३ मध्ये नगरपरिषदेचा कारभार नव्या सिव्हिक हॉलमध्ये गेला. मार्च १९४१ मधील बाँबहल्ल्यात भवनाची काही हानी झाली. न्यायालयेही १९९३ मध्ये अन्यत्र हलविण्यात आली. मूळ प्रशासकीय प्रयोजन संपल्यावरही भवनाचे महत्त्व टिकले, ते मुख्यतः सभा, संमेलने व संगीत यांमुळे. इंग्लंडमधील इतर औद्योगिक शहरांच्या नगरभवनांना या वास्तूचा आदर्श उपयोगी पडला.