पोरे गेली कुठे?

आमच्या लहानपणी मे महिना लागला की चाळीतली निम्मी बिऱ्हाडे कोकणात जात. आगबोट बंदराबाहेर थांबे, पडावातून किनाऱ्याला लागायचे, आणि पुढचा महिनाभर आपल्याला मुले किती आहेत याचाही आईबापांना जणू विसर पडे.

त्याला कुणी बेफिकिरी म्हणतात. मला ते पटत नाही. पोहायला शिकवणारे एक काका प्रत्येक वाडीत असत. पाठीला वाळका भोपळा, नाहीतर तोंड झाळलेला पत्र्याचा डबा बांधायचा, कमरेला दोर, आणि द्यायचे विहिरीत ढकलून! दोराचे टोक मात्र काकांच्या मुठीत. चार दिवसांनी भोपळा सुटे, मग दोर. काका काठावर नसताना पायरी उतरणाऱ्याच्या पाठीवर वळ उठत. कारण विहीर कुणाची गय करीत नाही, हे गावाला पाठ होते. करवंदांना एकट्याने जायचे नाही, कातळावरचा दगड हाताने उलथायचा नाही (खाली फुरसे असायचे), दिवेलागणीला घरात. एवढे पाळले की सारे रान आपले!

१९९८ साली कोकण रेल्वे पुरती सुरू झाली, गाव एका रात्रीवर आले. मुले मात्र येतात ती खळ्यातच मोबाइल घेऊन बसतात. त्यांना तरी काय दोष द्यावा? शहरात जिन्याखाली उतरायलाही त्यांना सोबत लागते.

गेल्या मे महिन्यात माझी नातवंडे, अकरा वर्षांचा एक आणि आठ वर्षांची दुसरी, सकाळीच नाहीशी झाली. बारा वाजले तरी पत्ता नाही. डोंगरात मोबाइलला रेंज नाही. सूनबाईंचा चेहरा पांढराफटक. "बाबा, तुम्ही स्वस्थ कसे बसता?" स्वस्थ कसला! विहिरीवर मी दोनदा जाऊन आलो होतो. ते तिला सांगितले नाही, एवढेच.

शेवटी गुराख्याकडून निरोप आला. पोरे त्याला टेपावर दिसली होती. खालच्या वाडीतल्या आजींनी त्यांना कोकमाचे सरबत पाजले होते आणि "कुणाची रे तुम्ही?" म्हणून माझ्या आजोबांपर्यंतची वंशावळही वदवून घेतली होती. म्हणजे पोरे कुठे आहेत हे साऱ्या गावाला ठाऊक होते, आम्हांला तेवढे नव्हते!

एकच्या सुमारास आली. हातापायांवर ओरखडे, सदऱ्यावर चिकाचे डाग. न सांगता गेल्याबद्दल मी कान उपटला. सूनबाई काहीच बोलली नाही. तिने हळद आणली.

धाकटीने मूठ पुढे केली. "आई, सांग, कोंबडा की कोंबडी?"

करवंद फोडल्यावर आत लाल निघाले तर कोंबडा, पांढरे निघाले तर कोंबडी, हे ठाण्यात वाढलेल्या सूनबाईंना कुठून ठाऊक असणार? तिने ओढलेल्या आवाजात विचारले, "म्हणजे काय?"

"उद्या चल ना आमच्याबरोबर. दाखवते."

दुसऱ्या दिवशी सकाळी खुंटीवरची माझी काठी जागेवर नव्हती.