मैदान : जागेचे नव्हे, झुंजीचे नाव

सातारा - ‘परवा कुंडलला मैदान आहे,’ असे कोणी म्हटले, तर पुण्या-मुंबईचा वाचक क्षणभर गोंधळतो. मैदान काय परवापुरते असते? आझाद मैदान तर रोज असते. सातारा-सांगली भागात मात्र या वाक्यात काहीही अवघड नाही. येथे मैदान म्हणजे नुसती मोकळी जागा नव्हे. त्या जागेवर ठरल्या दिवशी होणारी झुंज म्हणजे मैदान. ती कुस्त्यांची असेल किंवा बैलगाड्यांची. मैदान ‘भरते’, ‘गाजते’ आणि पाऊस आला तर रद्दही होते.

हा शब्द मूळचा फारसी. घोडदौड, कवायत आणि युद्धाचा सराव यांसाठी राखलेली मोकळी जागा हा त्याचा जुना अर्थ. इराणमधील इस्फहान शहरात सतराव्या शतकात बांधलेल्या ‘नक्श-ए-जहान’ मैदानात चौगान, म्हणजे आजच्या पोलोसारखा खेळ, खेळला जाई. त्याचे दगडी गोलखांब आजही तेथे उभे आहेत. तुर्कस्तानपासून युक्रेनच्या कीव्हपर्यंत हा शब्द गेला, पण तेथे तो प्रामुख्याने चौकाचा वाचक राहिला.

मराठीत कुस्तीचा बराचसा शब्दसंग्रह याच वाटेने आला. पैलवान आणि वस्ताद हे फारसी. तालीम आणि इनाम हे फारसीमार्गे आलेले अरबी शब्द. आखाडा मात्र संस्कृत ‘अक्षवाट’पासून आलेला. जोडीला ‘फड’ आहेच. उसाचा फड, तमाशाचा फड आणि कुस्त्यांचा फड हे तिन्ही या पट्ट्यात सुखाने नांदतात.

आज गावोगावच्या क्रिकेटने रुळवलेला ‘टूर्नामेंट’ हा शब्दही असाच घोड्यांच्या टापांतून आला आहे. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचे मूळ ‘वळणे, फिरवणे’ या क्रियापदात आहे. बाराव्या शतकात सरदारांच्या दोन टोळ्या एकमेकींवर चाल करून जात, घोडे वळवत आणि पुन्हा भिडत. दोघांनीच भाले रोखून समोरासमोर येण्याच्या प्रकाराला ‘जाउस्ट’ म्हणत. त्या शब्दाच्या मुळाशी ‘जवळ येणे’ हा अर्थ आहे. आपल्या ‘भिडणे’च्या अगदी शेजारचा.

पुढे दोन्ही शब्दांच्या वाटा वेगळ्या झाल्या. टूर्नामेंट म्हणजे फेऱ्या, गुण, बाद होणे आणि शेवटी एक विजेता. कुस्तीच्या मैदानात तसे नसते. तेथे कमिटी तोलामोलाची जोड नेमते, इनाम जाहीर करते आणि हलगीच्या तालावर एकेक कुस्ती लागते. प्रत्येक कुस्ती स्वतंत्र असते. चितपट झाली तर निकाल. नाहीतर अनेकदा ती बरोबरीत सोडवतात. गोळेश्वरचे खाशाबा जाधव याच लाल मातीत घडले. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांना गादीवरच्या नियमांशी जुळवून घ्यावे लागले आणि ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवले. मैदानाचा पैलवान स्पर्धेत उतरतो, तेव्हा त्याला नियमांची दुसरी भाषा शिकावी लागते.

बंदीचा अनुभवही दोघांना आला. ११३० मध्ये युरोपातील धर्मपीठाने टूर्नामेंट निषिद्ध ठरवून त्यात मरणाऱ्यास धार्मिक दफन नाकारले. तरी ते थांबले नाहीत. ही बंदी १३१६ मध्ये उठली. इकडे ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींना मनाई केली. प्रश्न मुक्या जनावरांच्या हालांचा होता आणि तो खरा होता. राज्याने २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने हा कायदा वैध ठरवला. मधल्या वर्षांत गावच्या जत्रेतील ‘मैदान’ या शब्दाचा अर्धा अर्थच अडचणीत आला होता.

त्या दुरुस्तीत बैलगाडा शर्यत, छकडी आणि शंकरपट ही प्रचलित नावे नोंदवली आहेत. ‘मैदान’ त्यांत नाही. तरीही पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेला जाणारा शौकीन शर्यतीला नव्हे, मैदानालाच निघालेला असतो.

शब्दकोशात मैदानाचा पहिला अर्थ ‘मोकळी जागा’ असाच राहील. दुसरा अर्थ गावाने वर्गणी काढून, जोड नेमून आणि हलगी वाजवून टिकवला आहे. हे थांबले, तर मागे उरेल ती केवळ जागा. आणि मोकळ्या जागेचे काय होते, हे शहरातील वाचकाला वेगळे सांगण्याची गरज नाही.