नालीसोबत एक पाइप

अहेरी २०१५ मध्ये नगरपंचायत झाली आणि इंटरनेटच्या हिशेबात मधल्यामध्ये अडकली. भारतनेट ही केंद्राची योजना ग्रामपंचायतींसाठी आखलेली, त्यामुळे नगरपंचायत तिच्या लक्ष्यात येत नाही. खाजगी कंपन्यांची धाव मोठ्या शहरांकडे. प्राणहितेच्या काठच्या तालुक्याच्या गावात घरोघरी फायबर पोहोचवण्याची त्यांना घाई नसते. तरीही आसपासच्या खेड्यांचे इंटरनेट याच गावावर अवलंबून आहे, कारण भारतनेटच्या पहिल्या टप्प्यात फायबर तालुक्याच्या ठिकाणाहूनच ग्रामपंचायतींकडे न्यायचे होते. ही लाइन सरळ रेषेत जाते. सुरुवातीलाच जेसीबीचा दात लागून ती तुटली, तर पुढच्या गावांतले दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि बँकेचे व्यवहार अडतात. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटमध्ये वर्तुळाकार जोडणी, म्हणजे दोन बाजूंनी पुरवठा, ठरवली आहे. ती पुरी होईपर्यंत तालुक्याच्या गावातल्या खोदकामाला जपावेच लागेल.

दूरसंचार हा केंद्राचा विषय, नगरपंचायतीने त्यात का पडावे, असे कोणी म्हणेल. परवाना आणि सेवा केंद्राकडे आहेत, हे खरे. पण रस्ते आणि पूल हे राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीतले, म्हणजे नागरी संस्थांकडे सोपवण्याचे विषय आहेत, आणि केबल जाते ती रस्त्याखालूनच. म्हणून नगरपंचायतीने इंटरनेट विकायला निघू नये. रस्त्याखालची रिकामी वाट मात्र आपल्या मालकीची ठेवावी. नवी नाली किंवा सिमेंट रस्ता होताना त्याच चरात एक जाड प्लास्टिकचा पाइप टाकायचा, आत नायलॉनची दोरी सोडून ठेवायची, चौकाचौकात झाकणाचा चेंबर बांधायचा. पुढे जी कंपनी येईल ती त्या दोरीने आपली केबल ओढून घेईल आणि नगरपंचायतीला भाडे देईल. सगळ्यांना दर एकच. स्वीडनच्या स्टॉकहोम शहराने १९९४ मध्ये स्टोकाब ही स्वतःची कंपनी काढली ती याच विचाराने: फायबर शहराचे, सेवा देणाऱ्या कंपन्या अनेक. अमेरिकेतल्या चॅटानूगाने २०१० मध्ये महापालिकेच्या वीज कंपनीमार्फत थेट घरांना गिगाबिट इंटरनेट दिले, पण तो मार्ग आपल्याकडे चालणार नाही. इथली वीज महावितरणची आहे आणि लहान नगरपंचायतीकडे तेवढी माणसेही नाहीत.

पैशाचा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. पाणी आणि कचऱ्यालाच निधी पुरत नाही, तिथे हा नवा खर्च कशाला? पण केबल टाकण्याच्या खर्चाचा मोठा वाटा खोदकाम आणि रस्ता पूर्ववत करण्याचा असतो. चर आधीच उघडा असेल, तर पाइपाची भर थोडी पडते. तोच पाइप नंतर टाकायचा म्हटले की नवा रस्ता फोडावा लागतो, आणि तसे फोडलेले रस्ते सगळ्यांनी पाहिले आहेत. मोबाइलचे टॉवर आले, आता फायबर कशाला, हेही ऐकू येते. नक्षलग्रस्त भागासाठी केंद्राने टॉवर उभारले, त्यांचा उपयोग मोठा आहे. पण टॉवरलाही मागून जोडणी लागते. ती उपग्रहावरून असेल, तर वापरणारे वाढले की वेग पडतो. उपजिल्हा रुग्णालयातून एक्स-रे पाठवायला किंवा वर्गभर मुलांना एकाच वेळी धडा दाखवायला तो पुरत नाही.

राहिला जंगलाचा प्रश्न. नगरपंचायतीच्या हद्दीबाहेर आलापल्ली ग्रामपंचायत, आणि त्यापुढे भामरागडच्या दिशेने वनजमीन. तिथे वनहक्क कायदा, २००६ कामी येतो. त्याच्या कलम ३(२) मध्ये शाळा, अंगणवाडी, रस्ते यांच्यासोबत वीज आणि दूरसंचाराच्या तारांचे नाव स्पष्ट घेतले आहे. प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त झाडे न तोडणे आणि ग्रामसभेची शिफारस, या अटी. भामरागडला पर्लकोटा नदीच्या पुराने रस्ता तुटतो तेव्हा फोन आणि इंटरनेटचीच गरज सर्वांत जास्त असते, त्यामुळे ही शिफारस मागायला कंपनीची वाट पाहण्यात अर्थ नाही. अहेरी नगरपंचायत आणि आलापल्ली ग्रामपंचायत यांनी एकत्र ठराव करून पाइपाचा आराखडा आखावा आणि तो रस्त्याच्या पुढच्या निविदेतच घालावा. निविदा निघाल्यावर तो घालणे अवघड होते.