तंतुवाद्यांच्या घोळक्यात बर्ड

३० नोव्हेंबर १९४९ रोजी न्यूयॉर्कच्या स्टुडिओत चार्ली पार्कर आल्टो सॅक्सोफोन घेऊन उभा राहिला, तेव्हा त्याच्या भोवतीची मंडळी नेहमीची नव्हती. तीन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो, हार्प आणि ओबो. चेलोवर होता तोस्कानिनीच्या एनबीसी सिम्फनीतला प्रमुख चेलोवादक फ्रँक मिलर. ओबो वाजवणारा मिच मिलर पुढे कोलंबिया रेकॉर्ड्समध्ये बडा अधिकारी झाला आणि घराघरांत टीव्हीवर दिसू लागला. जॅझच्या बाजूने बासवर रे ब्राउन आणि ड्रम्सवर बडी रिच. त्या दिवशी सहा गाणी ध्वनिमुद्रित झाली. त्यांतली बहुतेक ब्रॉडवे आणि चित्रपटांच्या जमान्यातली, प्रत्येकाला पाठ असलेली प्रेमगीतं. हाच ‘चार्ली पार्कर विथ स्ट्रिंग्ज’ हा अल्बम.

पार्कर म्हणजे ‘बर्ड’. कॅन्सस सिटीत १९२० साली जन्मलेल्या या माणसाने डिझी गिलेस्पीबरोबर जॅझची बीबॉप शैली घडवली. १९४५ च्या ‘को-को’मध्ये त्याचा वेग असा आहे, की आजही सॅक्सोफोन शिकणारी मुलं ती तबकडी मंद करून ऐकतात. असा वादक गुळगुळीत व्हायोलिनांच्या मध्ये बसल्यावर जॅझच्या कट्टर रसिकांनी नाक मुरडलं नसतं तरच नवल. पार्कर विकला गेला आणि निर्माता नॉर्मन ग्रँझ याने त्याला बाजारात उभं केलं, असा सूर निघाला.

हा आरोप मला पटत नाही. व्हायोलिनांची हौस खुद्द पार्करला होती. स्ट्राविन्स्की आणि हिंडमिथ तो आवडीने ऐके. एडगार व्हारेझ या संगीतकाराकडे शिकण्याची इच्छाही त्याने बोलून दाखवली होती. त्याआधी १९४७ च्या अखेरीस नील हेफ्टीच्या ‘रिपिटिशन’ या रचनेत तो तंतुवाद्यांसह वाजवून मोकळा झाला होता. ग्रँझला धंदा कळत होता हे खरं, पण इथे त्याने वादकाचा हट्ट पुरवला.

बीबॉपवाले लोकप्रिय गाण्याची चाल बाजूला ठेवत आणि तिच्याखालची स्वरसंगती तेवढी घेऊन तिच्यावर नवीनच चाल रचत. इथे तसं करता येत नव्हतं. चाल ओळखू यायला हवी, व्हायोलिनांचे लिहिलेले स्वर ठरलेल्या जागी येणार आणि ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर सगळं तीन-साडेतीन मिनिटांत आटपायचं. या सत्रासाठीची जिमी कॅरोलची संयोजनं, खरं सांगायचं तर, सामान्य आहेत. हार्प जागोजागी साखर पेरतो. आपल्याकडे तबलजी गायकाच्या मागे जातो, त्याला अडवतो, जागा देतो. इथली तंतुवाद्यं तसलं काही करत नाहीत. कागदावर आहे तेवढं वाजवून ती थांबतात.

आणि तरीही ‘जस्ट फ्रेंड्स’ ऐका. १९३१ चं हे गाणं, प्रेम सरून नुसती ओळख उरलेल्या दोघांचं. पार्कर आधी चाल मांडतो, पण सरळ नाही. एखाद्या लांब स्वराच्या शेवटी दुप्पट लयीत एक लड सोडतो आणि पुढचा स्वर नेमक्या जागी येऊन पकडतो. मागची व्हायोलिनं हलत नाहीत, म्हणून त्याची प्रत्येक हालचाल लख्ख दिसते. ट्रम्पेट-पियानोच्या गर्दीत हे इतकं स्पष्ट ऐकू आलं नसतं. त्याच्या स्वराला धार आहे, कंप बेताचा आहे, त्यामुळे गोडव्यातही तो चिकट होत नाही. आपल्या ध्वनिमुद्रणांत हे त्याचं आवडतं होतं, असं सांगतात. गर्श्विनच्या ‘समरटाइम’मध्ये उलट तो चालीला जवळजवळ धरूनच राहतो.

तबकड्या खपल्या. पार्करच्या हयातीत त्याचं दुसरं काही इतकं विकलं गेलं नाही. साहजिकच १९५० च्या उन्हाळ्यात दुसरं सत्र झालं. जो लिपमनचं संयोजन, अधिक व्हायोलिन, सोबत फ्रेंच हॉर्न. यातलं ‘लॉरा’ चांगलं आहे, पण एकंदरीत वाद्यं वाढली तशी हवा कमी झाली. मग क्लबांत, थिएटरांत, कार्नेगी हॉलमध्येही हाच ताफा. रोज तेच कागद, तीच वळणं. उत्स्फूर्ततेवर जगणाऱ्या माणसाला त्याचा कंटाळा येणारच. त्याच्याच टोपणनावावरून नाव घेतलेल्या ‘बर्डलँड’मध्ये ऑगस्ट १९५४ मध्ये भर कार्यक्रमात तंतुवाद्यवाल्यांशी त्याचं बिनसलं, त्यानंतर घरी जाऊन त्याने आयोडीन पिऊन जीव देण्याचा प्रयत्न केला. १२ मार्च १९५५ रोजी, वयाच्या ३४ व्या वर्षी तो गेला. तपासणाऱ्या डॉक्टरला ते शरीर पन्नाशी उलटलेल्या माणसाचं वाटलं होतं.

वाट मात्र मोकळी झाली होती. ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राउनने १९५५ मध्ये तंतुवाद्यांसह अल्बम केला. बेन वेबस्टर, पॉल डेझमंड त्याच वाटेने गेले. कॅरोलच्या संयोजनातली उणीव भरून काढली ती स्टॅन गेट्झच्या १९६१ च्या ‘फोकस’ने. एडी सॉटरने तंतुवाद्यांसाठी स्वयंपूर्ण रचना लिहिल्या, गेट्झसाठी एकही ओळ लिहिली नाही, आणि त्याने त्यांतून आपली वाट जागेवर काढली. संगीत म्हणून ‘फोकस’ सरस आहे; प्रेमगीतं हवी असतील तर पार्करच. व्हायोलिनांवर तरंगणारा सॅक्सोफोन आपल्या कानांनाही परका नाही: ‘कश्मीर की कली’तल्या ‘है दुनिया उसी की’मधला मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन कोण विसरेल?

व्हर्व या कंपनीने १९९५ मध्ये पार्करची ही सगळी ध्वनिमुद्रणं एकाच सीडीत आणली. त्यात एकूण २४ रचना आहेत. सगळ्या सलग ऐकू नका, हार्प डोक्यात जाईल. पहिल्या सत्रातल्या सहा घ्या, त्यांतही ‘जस्ट फ्रेंड्स’ आधी, आणि पहिल्या खेपेला व्हायोलिनांकडे लक्षच देऊ नका.