कर्करोगाचे अस्थिप्रक्षेप

अन्य अवयवात उद्भवलेला कर्करोग रक्तावाटे हाडांत पोहोचून तेथे वाढू लागतो, तेव्हा त्या वाढीस अस्थिप्रक्षेप किंवा हाडांतील मेटास्टॅसिस म्हणतात. व्यवहारात यालाच ‘हाडांचा कर्करोग’ म्हटले जाते, पण ते दिशाभूल करणारे आहे. स्तनातून हाडात गेलेली कर्कपेशी तेथेही स्तनाच्या कर्करोगाचीच पेशी राहते व औषधेही त्याच कर्करोगाची द्यावी लागतात.

स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस, मूत्रपिंड व थायरॉइड यांचे कर्करोग हाडांत विशेषकरून पसरतात. मणके, श्रोणी, बरगड्या व मांडीच्या हाडाचा वरचा भाग अशा तांबड्या अस्थिमज्जेच्या जागी ते बहुधा रुजतात. स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यविशारदाने 1889 मध्ये स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या 735 स्त्रियांच्या नोंदी तपासून ‘बीज आणि जमीन’ ही कल्पना मांडली. पुढे तिचे कारणही उलगडले. कर्कपेशी स्वतः हाड कुरतडत नाहीत. त्या हाडातील अस्थिभंजक पेशींना चेतवतात, आणि झिजणाऱ्या हाडातून सुटणारी वाढकारक द्रव्ये पुन्हा कर्कपेशींनाच पोसतात. प्रोस्टेटच्या कर्करोगात याउलट नवे हाड तयार होते. क्ष-किरण चित्रात ते घट्ट दिसले तरी त्याची रचना विस्कळीत व कमकुवत असते.

रात्री वाढणारी, विश्रांतीनेही न शमणारी वेदना हे प्रमुख लक्षण होय. किरकोळ धक्क्यानेही हाड मोडू शकते. पूर्वी कर्करोग झालेल्या व्यक्तीस पाठदुखीसोबत पायांत अशक्तपणा आला किंवा लघवीवरील ताबा सुटला, तर मज्जारज्जूवर दाब आल्याचा संशय घ्यावा लागतो. अशा वेळी तातडीने एमआरआय करतात. उपचार सुरू होताना जो रुग्ण चालू शकतो, तोच पुढे चालता राहण्याची शक्यता सर्वाधिक असते. म्हणून येथे तासांनाही मोल आहे.

वेदनेसाठी 8 ग्रेची एकच किरणोपचार मात्रा बहुधा अनेक दिवसांच्या उपचाराइतकीच परिणामकारक ठरते, मात्र पुढे पुन्हा किरणोपचार लागण्याचे प्रमाण अधिक असते. झोलेड्रॉनिक आम्ल व डेनोसुमॅब ही औषधे हाडांची झीज रोखतात. त्यांनी क्वचित जबड्याचे हाड मृत होत असल्याने आधी दात तपासून घेतात. मोडण्याच्या बेतात असलेल्या हाडात शस्त्रक्रियेने सळई बसवतात.

अस्थिप्रक्षेप सहसा पूर्ण बरे होत नाहीत. तथापि आयुर्मान मुख्यतः मूळ कर्करोगावर अवलंबून असते. फुप्फुसाच्या कर्करोगात ते पुष्कळदा महिन्यांत मोजले जाते, तर स्तन, प्रोस्टेट व थायरॉइडच्या कर्करोगांत, विशेषतः यकृत व फुप्फुसे मुक्त असल्यास, अनेक रुग्ण काही वर्षे जगतात.