भीमाकाठचं बायबल

भीमाशंकरच्या देवळाच्या आवारात एक जुनी पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला, तेव्हा तिथल्या चर्चच्या मोठमोठ्या घंटा घाट चढून देशावर आल्या आणि देवळांना अर्पण झाल्या. एक वाईजवळ मेणवलीला आहे, एक इथे. गाइड ही हकिगत मोठ्या उत्साहानं सांगतात आणि विजयापाशी थांबतात. मला त्यापुढचं सांगायचं आहे. घंटा गेल्या, पण त्यांच्या नादावर प्रार्थनेला जमणारी माणसं वसईतच राहिली. त्यांच्या वाड्यांमध्ये सामवेदी, वाडवळी अशा बोली बोलल्या जात आणि आजही जातात. पुढे अडीचशेहून अधिक वर्षांनी त्याच पट्ट्यातल्या नंदाखाल गावच्या एका धर्मगुरूनं संपूर्ण बायबल आजच्या मराठीत आणलं.

दुसरा धागा पाण्याचा. भीमाशंकरला उगम पावलेली भीमा खेडवरून खाली उतरते, तुळापूरला देहू-आळंदीची इंद्रायणी तिला मिळते, पुढे मुळा-मुठा येते, आणि दौंडच्या अंगाला जुन्नरची कुकडी पोटात घेतलेली आंबेगावची घोड नदीही येऊन मिळते. ह्याच खोऱ्यात, पुणे-दौंड रेल्वेवर, केडगाव आहे. तिथे पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं. पुणे जिल्ह्यात बायबल कसं वाचलं गेलं आणि कसं जगलं गेलं, ह्याचा शोध घ्यायला निघालेल्याला केडगावी थांबावंच लागतं.

त्याआधी पुस्तकाविषयी थोडं, कारण आपल्याकडे बायबल पुष्कळांच्या घरी असतं पण उघडलेलं क्वचित असतं. बायबल हा एक ग्रंथ नव्हे, ते एक कपाट आहे. प्रॉटेस्टंट परंपरेत त्यात ६६ पुस्तकं मानतात, कॅथलिक परंपरेत ७३. हिब्रू, थोडं अरामी आणि ग्रीक अशा भाषांत, अनेक शतकांच्या काळात ती लिहिली गेली. त्यात कायदा आहे, राजांची बखर आहे, विलापगीतं आहेत, प्रेमकाव्य आहे, संदेष्ट्यांचा संताप आहे, येशूची चार चरित्रं आहेत आणि पौलानं दूरदूरच्या मंडळ्यांना लिहिलेली पत्रं आहेत. बखर, अभंग आणि ताम्रपट आपण एकाच चष्म्यातून वाचत नाही. बायबलच्या बाबतीत मात्र भले भले वाचक ही साधी गोष्ट विसरतात. मग एखादं वाक्य संदर्भातून उपटून कुणाच्या तरी डोक्यात घालण्याचा उद्योग सुरू होतो. हा उद्योग ख्रिस्ती लोकही करतात आणि ख्रिस्ती धर्मावर टीका करणारेही.

मराठीत हे कपाट हळूहळू उघडलं गेलं. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापलं गेलं. ते भाषांतर नव्हे, स्वतंत्र काव्य आहे. विल्यम कॅरी यांनी सेरामपूरहून १८०५ मध्ये मत्तयाचं शुभवर्तमान मराठीत काढलं. मग मुंबईत आणि नगरला अमेरिकन मिशनरी आले, ‘ज्ञानोदय’ निघालं, भाषांतरांच्या आवृत्त्या होत राहिल्या. ही भाषांतरं बहुतेक परदेशी पंडितांनी शास्त्रीबुवांच्या मदतीनं केलेली होती, आणि भाषा बरीच संस्कृतप्रचुर होती. खेड्यातल्या बाईला ती वाचून कळणं कठीण होतं.

रमाबाईंना ही अडचण दिसली, कारण त्या स्वतः शास्त्र्याच्या कन्या होत्या. अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरात मुलीलाही संस्कृत शिकवलं गेलं, आणि ते कुटुंबासह तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत देशभर फिरले. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. १८८२ मध्ये नवरा गेला. पुढे वैद्यकीच्या शिक्षणासाठी त्या इंग्लंडला गेल्या, पण ऐकू कमी येत असल्यानं ते शिक्षण झालं नाही. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात केवढी खळबळ उडाली ते सर्वांना ठाऊक आहे. बाप्तिस्म्यानंतर इंग्लंडमध्ये काय झालं, ते मात्र फार थोड्यांना माहीत आहे.

वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या डॉरोथी बील यांच्याशी रमाबाईंचा प्रदीर्घ पत्रव्यवहार झाला. १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं तो अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केला. ती पत्रं वाचली की नव्यानं ख्रिस्ती झालेली पंचविशीतली बाई काय ताकदीची होती, ते कळतं. चर्च सांगतं म्हणून एखादा सिद्धांत मान्य करायला त्या तयार नाहीत. त्रैक्याच्या सिद्धांतावर त्या प्रश्न विचारतात, बायबलमध्ये आधार कुठे आहे ते दाखवा म्हणतात. आपली सदसद्विवेकबुद्धी कुणा धर्मगुरूच्या स्वाधीन करायची नाही, असं ठणकावतात. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिनच अक्षरं कशाला, आमच्या संस्कृतात काय कमी आहे, असंही विचारतात. सिस्टरना हा अहंकार वाटला. मला तो प्रामाणिकपणा वाटतो. पुराणिकांच्या घरात वाढलेल्या बाईला ग्रंथ कसा तपासायचा हे माहीत होतं. आधीच्या ग्रंथांना तिनं जे प्रश्न विचारले तेच नव्या ग्रंथालाही विचारले. श्रद्धा ठेवताना बुद्धी बाहेर काढून ठेवायची नसते, हे मराठी ख्रिस्ती समाजाला रमाबाईंइतकं स्पष्ट क्वचितच कुणी दाखवून दिलं असेल.

आता एक प्रसंग जवळून पाहू. रमाबाईंनीच तो १९०७ च्या आपल्या साक्षीत नोंदवला आहे. लंडनच्या फुलहॅम भागात सिस्टर्सचं एक घर होतं. समाजानं ‘पतित’ ठरवलेल्या बायकांना तिथे आसरा दिला जाई, मायेनं वागवलं जाई. असं काही रमाबाईंनी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं. ह्या बायकांची ख्रिस्ती लोकांना एवढी काळजी का, असं त्यांनी विचारलं. उत्तरादाखल एका सिस्टरनं त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला. भर दुपारी एक शोमरोनी बाई विहिरीवर येते. यहुदी लोक शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत, आणि हिचा तर संसारही पाच वेळा मोडलेला. येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो, तिच्याशी बोलत बसतो, अगदी देवाची उपासना कुठे आणि कशी करावी हा चर्चेतला मोठा प्रश्नही तिच्याशीच बोलतो. पाणवठ्याचा विटाळ ठाऊक असलेल्या देशातून आलेल्या बाईला ह्या कथेचा अर्थ समजावून सांगायची गरजच नव्हती.

ह्या वाचनाचं पुढे काय झालं ते केडगावात दिसतं. परत आल्यावर ११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईत विधवा आणि मुलींसाठी शारदा सदन सुरू केलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. मुलींना बाटवलं जातं, असा गदारोळ १८९३ मध्ये झाला आणि सल्लागार मंडळातली नामवंत मंडळी बाहेर पडली. तो राग समजून घ्यायला हवा. घरची लेक परक्या धर्मात जाईल ही भीती खरी होती. पण १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो अनाथ, विधवा मुलींना स्वतः जाऊन घेऊन आल्या त्या रमाबाईच. आपल्या आईबापांना दुष्काळात गमावलेल्या बाईनं ही मुलं वेचली. त्यातून केडगावी मुक्तिसदन उभं राहिलं. लंडनमध्ये पाहिलं होतं त्या धर्तीवर फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपासदन निघालं. आंधळ्यांसाठी बार्तमी सदन. बार्तमी म्हणजे यरीहोच्या रस्त्यावर येशूला हाका मारणारा आंधळा भिकारी. शेती, विहिरी, विणकाम, छापखाना, सगळं बायका चालवत होत्या.

आणि त्या छापखान्यात बायबल जुळलं. पन्नाशीकडे झुकलेल्या रमाबाई ग्रीक आणि हिब्रू शिकल्या. साध्या, बोलीजवळच्या मराठीत, शाळा न पाहिलेल्या बाईला ऐकून कळेल असं भाषांतर त्यांना हवं होतं. खिळे जुळवायला त्याच दुष्काळातून वाचलेल्या मुली होत्या. १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली, तरी मुद्रितं तपासायचं काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. ते भाषांतर प्रचारात फारसं टिकलं नाही, काही ठिकाणी ते ओबडधोबडही वाटतं. पण संपूर्ण बायबल मूळ भाषांवरून एका स्त्रीनं आणावं, आणि तेही केडगावसारख्या ठिकाणी, ही जगाच्या इतिहासातही फार दुर्मीळ गोष्ट आहे. आमच्या जिल्ह्याला तिचा अभिमान वाटायला हवा तेवढा वाटत नाही, ह्याचं मला वाईट वाटतं.

रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांची वाट वेगळी. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशानं त्यांना नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनापाशी, म्हणजे मत्तयाच्या पाचव्या ते सातव्या अध्यायापाशी आले आणि त्यांचं मन तिथे अडकलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असं ते सांगत. त्यांची भजनं ‘उपासना संगीता’तून आजही दर रविवारी मराठी मंडळ्यांत गायली जातात. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्याला त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. हा प्रयोग त्यांच्या मृत्यूनं, १९१९ मध्ये, अर्धवट राहिला. त्यांचं अपुरं काव्य ‘ख्रिस्तायन’ मात्र पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या मराठी माणसाला त्या दोघांविषयी मी आणखी काय सांगणार?

आता वसईकडे. कॅथलिक चर्चमध्ये शतकानुशतकं मिस्सा लॅटिनमध्ये होई आणि बायबल हातात घेऊन वाचणं सामान्य भाविकाच्या सवयीत नव्हतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६२ ते १९६५ ह्या काळात हे चित्र पालटलं. उपासना लोकभाषेत आली, बायबल प्रत्येकानं वाचावं असं चर्चनंच सांगितलं. त्या वाऱ्यात घडलेले नंदाखालचे ते धर्मगुरू, फादर फ्रान्सिस दिब्रिटो, अनेक वर्षं ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला अनुवादाचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. हे बायबल मी ख्रिस्तेतर मित्रांना आवर्जून सुचवतो, कारण प्रास्ताविकं आणि टिपा वाचकाला त्या काळात, त्या भूगोलात नेऊन सोडतात. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. जुलै २०२४ मध्ये ते गेले.

पण दिब्रिटो फक्त ग्रंथातले नव्हते. वसईच्या विहिरींचं पाणी टँकरनं उपसलं जात होतं, वाड्या बिल्डरांच्या घशात जात होत्या, दहशत होती. तेव्हा हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनात हा पाद्री पुढे उभा राहिला, धमक्या आल्या तरी हटला नाही. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव माणसाला बागेत ठेवतो, ते तिची मशागत करायला आणि ती राखायला. भीमाशंकरच्या देवराया पिढ्यान्‌पिढ्या राखणाऱ्या महादेव कोळ्यांना हे पटवून द्यावं लागणार नाही.

आज मी बायबल वाचतो तेव्हा ह्या तिघांकडून घेतलेल्या काही सवयी सोबत असतात. उतारा कुणी, कुणासाठी, कुठल्या संकटात लिहिला हे आधी पाहावं. न पटणारं वाक्य गुळगुळीत करू नये. यहोशवाच्या पुस्तकातल्या कत्तली आहेत, दासांना आज्ञाधारक राहायला सांगणारी पत्रं आहेत, मंडळीत बायकांनी गप्प बसावं असं सांगणारं पौलाच्या पत्रातलं वचन आहे. त्याच पौलानं रोमकरांच्या पत्राच्या शेवटी फिबी आणि प्रिस्का ह्या स्त्रियांची कार्यकर्त्या म्हणून नावं घेतली आहेत. दोन्ही वाचावं, ताडून पाहावं, आणि येशू प्रत्यक्ष कसा वागला ह्या कसोटीवर घासावं. शक्यतो चारचौघांत वाचावं, कारण एकट्याचं वाचन एकट्याच्या सोयीचं होत जातं.

आणि वाचलेलं स्वतःला लावावं. गलतीकरांच्या पत्रात यहुदी-हेल्लेणी, दास-स्वतंत्र हे भेद ख्रिस्तात उरले नाहीत असं पौल लिहितो. आमच्यात मात्र लग्न जुळवताना जात हळूच विचारली जाते; दलित ख्रिस्ती कुटुंबांना बाहेर एक आणि मंडळीत दुसरी अशी दुहेरी वागणूक सोसावी लागते. हे वचन व्यासपीठावरून वाचून खाली उतरल्यावर आपण सोयरीक कुठे शोधतो, हा प्रश्न टाळता येणार नाही.

असाच स्वतःला लावून वाचायचा आणखी एक म्हणजे संदेष्टा आमोस. तो मेंढपाळ, उंबराच्या जातीच्या झाडांची निगा करणारा, शहरातल्या श्रीमंतांपुढे येऊन उभा राहिला. माप लहान करणारे, तागडी खोटी ठेवणारे, गोरगरिबाला जोड्याच्या किमतीला विकणारे लोक मोठमोठे सण साजरे करतात, तेव्हा देवाला त्या गाण्यांचा तिटकारा येतो, असं तो म्हणाला. भीमाशंकरच्या जंगलात हिरडा गोळा करून आदिवासी बाई गोणी डोक्यावर घेऊन डोंगर उतरते. तिचा माल ज्या काट्यावर चढतो, त्या काट्याजवळ आमोस वाचायला हवा. जंगलातली पायपीट, वाळवणं, निवडणं, हे सगळं शेवटी त्या एका आकड्यावर ठरतं. काटा माझा असेल तर तो मीच आधी तपासला पाहिजे. दुसऱ्याचा असेल तर तिच्या बाजूनं उभं राहून वजन वाचलं पाहिजे.

ज्यांनी बायबल कधी वाचलंच नाही, त्यांनी पहिल्या पानापासून सुरुवात करू नये. वंशावळी आणि यज्ञविधी ह्यांच्यात बरेच जण दमतात. लूकपासून सुरुवात करावी. लग्नानंतर आसामातल्या सिल्चरला असताना रमाबाईंच्या हाती आधी लूकच आला होता, बंगालीतलं एक छोटं पुस्तक. दयाळू शोमरोनी आणि उधळ्या पुत्राच्या कथा फक्त लूकमध्येच आहेत. मग याकोबाचं पाच अध्यायांचं पत्र, मग आमोस. लूकचे अध्याय २४ आहेत. १ डिसेंबरला पहिला उघडला आणि रोज एक वाचला, तर नाताळच्या आदल्या दिवशी शेवटचा होतो.